माय गेल्याची तार

तार आली तेव्हा इंद्रभान पुण्यात आपल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत बसला होता, आणि तार वाचून झाल्यावर त्यानं तो चहा पुरा प्याला. यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. कप हातात होता, चहा अर्धा राहिला होता, हात आपला आपण वर गेला. पण तळाची साखर तोंडात आली आणि ती त्याला गोड लागली, हे मात्र त्याला पुढं सगळ्या प्रवासात खुपत राहिलं. माय गेली, ताबडतोब निघ, एवढंच त्या कागदावर होतं आणि खाली थोरल्या भावाचं, तुळशीरामचं नाव. शिपाई तिथंच घुटमळत त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्या बघण्यानं इंद्रभानला वाटलं, आता आपण काहीतरी केलं पाहिजे. उठलं पाहिजे, डोळ्यांना रुमाल लावला पाहिजे, निदान अरेरे तरी म्हटलं पाहिजे. आणि नेमका त्याच घडीला एक विचार न विचारता आत घुसला आणि ऐसपैस मांडी घालून बसला. चला, आता शेवटचं प्रकरण लिहून होईल. काय म्हणावं या माणसाला! त्याला स्वतःलाच त्याची इतकी शरम वाटली की त्यानं घाईघाईनं तार घडी करून खिशात घातली, जणू तो विचार त्या कागदावरच छापून आला होता आणि शिपायानं तो वाचला असता.

दोन कादंबऱ्या त्याच्या नावावर होत्या. दुसरीला सरकारचं बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून पुण्यातली मंडळी त्याला सभेत पुढच्या रांगेत बसवत होती. वऱ्हाडच्या मातीचा वास, वऱ्हाडच्या मातीचा वास, असं त्याच्याविषयी इतक्यांदा छापून आलं की वासंती, त्याची बायको, एकदा म्हणाली होती, "अहो, जरा साबण लावून आंघोळ करत जा!" वासंती पुण्याचीच, तिला अशी थट्टा जमायची. गंमत अशी की बोलताना हा गृहस्थ चुकूनसुद्धा 'मले' म्हणत नसे. शिकायला आला त्या वर्षी खानावळीत "मले भात नको" म्हणाला आणि सगळी पंगत खो खो हसली. त्या दिवसापासून त्यानं जीभ अशी वळवली की धाड या आपल्या गावचा माणूस म्हणून त्याला आता कुणी ओळखलं नसतं. लिहायला बसला की मात्र तीच बोली, तेच 'मले' अन् 'तुले', आणि त्यातला एकूण एक शब्द मायचा. ती एकदा महिनाभर पुण्याला येऊन राहिली होती. दुपारी जिन्यात बसून ती शेजारणीशी गप्पा मारायची आणि हा आतल्या खोलीत दाराआड कान लावून बसायचा. संध्याकाळी कुणी लेखक, प्राध्यापक घरी आले की मग म्हणायचा, "आई, तू जरा आत बस." गावाकडं माय, पुण्यात आई. ती मुकाट्यानं आत जाऊन बसायची. लेकाचं काहीतरी मोठं काम चाललंय, एवढं तिला कळत होतं. परत गेल्यावर तिनं गल्लीभर सांगितलं, "माहा इंद्रभान पुस्तकं लिहिते. घरी मानसं येतात त्याच्याकडे, चष्म्याचे."

तिसरी कादंबरी तिच्यावरच होती आणि ती वर्षभर अडली होती. सगळं साधलं होतं. नवरा गेल्यावर तिनं वांग्याचा, मिरचीचा मळा कसा राखला, डोक्यावर पाटी घेऊन बाजार कसे केले, दोन पोरं कशी वाढवली, सगळं. अडलं होतं ते तिच्या मरणापाशी. एकदा त्यानं तिला शेतात मारून पाहिलं, एकदा दवाखान्यात, एकदा झोपेत. प्रत्येक वेळी वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं, कारण ते खोटं वाटत होतं. प्रकाशक फिरकी घ्यायचे, "म्हातारी काही मरत नाही हो तुमची! ती मरेना आणि पुस्तक संपेना." त्यावर इंद्रभानही हसला होता. मोठ्यानं हसला होता.

घरी वासंतीनं तार वाचली आणि ती मटकन खालीच बसली. सासूचा आणि तिचा सहवास तो काय महिन्याभराचा, पण ती ढसाढसा रडली. इंद्रभान शेजारी उभा राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि बघत होता. पाणी नाकाच्या कडेनं उतरून वरच्या ओठावर थांबलं आणि तिनं ते नकळत जिभेनं टिपून घेतलं. हे आपण कुठं लिहिलं नाही, त्याच्या मनात आलं. वासंती म्हणाली, "रडा हो तुम्ही. असं कोंडून ठेवू नका, त्रास होईल." त्यानं मान हलवली. कोंडून ठेवण्यासारखं आत काही नव्हतंच, हे तिला कसं सांगणार? मुलीला गोवर आला होता म्हणून वासंतीला निघता येईना. तिनं त्याच्या पिशवीत धोतर, टॉवेल आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या भरला. पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, एकटं जातोय ते बरंच झालं, नीट बघता येईल. मग वाटलं, शी! काय हा माणूस, आणि नेमका हा माणूस मीच का?

औरंगाबादेपर्यंतच्या एस्टीत खिडकीची काच नव्हती. धूळ सरळ डोळ्यांत येत होती. रुमालानं चोळून चोळून डोळ्यांची आग झाली आणि झोप तर आलीच नाही. त्यानं प्रामाणिकपणे रडून बघितलं. हो, प्रयत्न केला, खोटं कशाला बोला? मायचे भेगाळलेले पाय आठवले, बाजारातून आणलेली शेव ती पदराच्या गाठीतून सोडून द्यायची ते आठवलं, तापात ती रात्रंदिवस उशाशी बसून राहिली होती ते आठवलं. आठवणी शहाण्यासारख्या एकामागून एक यायच्या. पण आली की प्रत्येक आठवण आधी वाक्य व्हायची, आणि वाक्य झालं की तो ते तोलून बघायचा, शब्द मागंपुढं करायचा, आणि तेवढ्यात गळ्यापाशी काही आलं असेल नसेल ते खाली उतरून जायचं. मग त्याला आणखी एका गोष्टीची काळजी लागली, आणि ही सगळ्यांत वाईट. आपण पोचेपर्यंत त्यांनी मायला उचलू नये, असं त्याला फार वाटत होतं. धाकटा मुलगा म्हणून आईला अग्नी देणं त्याच्याकडंच होतं, म्हणजे थांबतील म्हणा. पण हे वाटणं अग्नीसाठी नव्हतं. त्याला चेहरा बघायचा होता. ओठावर तुळशीचं पान ठेवतात तेव्हा ओठ कसा दिसतो, ते बघायचं होतं. हे लक्षात आलं तेव्हा त्याला एस्टीतून उतरून कुठंतरी पळून जावंसं वाटलं. उतरला मात्र नाही.

औरंगाबादेला सकाळी बुलढाण्याची गाडी मिळाली आणि भोकरदनला भगवंतराव चढले. भगवंतराव म्हणजे धाडचे, त्याच्या वडलांच्या दोस्तीतले, मळ्याला मळा लागून. शेजारी बसले, निरखून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"इंद्रभान का बे तू? मंजुळावैनीचा?"

"हो काका. माय गेली."

इतकं सरळ तोंडातून निघालं, की आपण पत्ता सांगितल्यासारखं सांगितलं असं त्याला वाटलं.

"काय बोलून राह्यला बे!" भगवंतराव अर्धवट उठलेच. "अरे परवा तं बाजारात भेटली मले! मिरच्या इकून राह्यली होती. मले म्हने, भगवंतभाऊ, धोतर किती मयलं तुमचं, धूत जा जरा. हासली माह्यावर. अन् गेली? अशी कशी गेली?" आणि म्हाताऱ्यानं भर गाडीत हंबरडा फोडला. लोक वळून बघू लागले, कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून जवळ आला. इंद्रभाननं तांब्याची फिरकी उघडून त्यांना पाणी पाजलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, असं करू नका. माणसाच्या हातात काय असतं?" मेलेली माय याची आणि समजूत घालणाराही हाच! त्यातही हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर आणि मनात मात्र 'परवा तं बाजारात भेटली मले' हे वाक्य घोळत होतं. प्रकरणाची सुरुवात यानंच करायची. दुसरं काही नको. विसरू नये म्हणून तो ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. भगवंतराव धाडच्या अलीकडं आपल्या मळ्यापाशी उतरले. डोळे पुसत म्हणाले, "तू हो पुढं. घरी सांगून, लोकं घेऊन येतो."

गल्लीत शिरताना त्यानं रडण्याच्या आवाजाला कान दिला. आवाज नव्हता. दारात माणसं नव्हती, गोवऱ्या नव्हत्या, बांबू नव्हते. नेलंच म्हणायचं, असं त्याला वाटलं. आणि ओट्यावर माय बसली होती. सुपात हरभरा घेऊन खडे वेचत होती. त्याला पाहिलं तशी सूप बाजूला सारून उठली. "आला वं, आला! अन्नपूर्णा, भायेर ये, माहा इंद्रभान आला!"

आता इथं कुणालाही आनंद व्हावा. त्यालाही झाला. पण आधी जे झालं ते आधी सांगायला हवं. आधी त्याला हळहळ वाटली. हातात आलेलं काही निसटलं, प्रकरण गेलं, ते वाक्य फुकट गेलं. ही हळहळ आली, गेली, आणि मग तिच्या मागून आनंद आला, भरभरून आला. पण रांगेत तो दुसरा होता. माय दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपत होती आणि तो तिच्या डोळ्यांकडं बघू शकत नव्हता.

भावजय, अन्नपूर्णा, पदराआड हसत बाहेर आली. "भाऊजी, रागावू नका बरं. आत्याबाई बाजाराहून येऊन राह्यल्या होत्या, अन् कावया येऊन सिद्धा डोक्यावरच बसला त्याइच्या. मंग काय करतील? ह्याइनं मास्तराकडून तार लिहून घेतली, अन् आज मळ्यात गेले." कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरण बसलं, हे तिकडं लेकराला विचारलं तरी सांगेल. आणि त्यावर तोडगा एकच. ते माणूस मेलं असा खोटा निरोप लांबच्या जिवाभावाच्या माणसाला धाडायचा. त्यानं खरं मानून रडायचं. एकदा कुणी खरंखुरं रडलं की मरण तेवढ्यावर परत जातं. इंद्रभानला हे सगळं माहीत होतं. पहिल्या कादंबरीत त्यानं यावर दीड पान लिहिलं होतं, समीक्षकांनी त्याचं कौतुक केलं होतं, आणि खिशात तार घेऊन एवढा प्रवास केला तरी त्याच्या डोक्यात ते एकदाही आलं नाही. माय मेली हे त्याला हवं होतं म्हणून का? पुढचा विचार करायला तो धजला नाही.

"डोये पाह्य वं, डोये!" माय त्याची हनुवटी धरून अन्नपूर्णेला दाखवत होती. "कसे लालभडक करून घेतले लेकरानं! सारी रात रडत आला असंन." तिचा स्वतःचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. कावळा बसला तेव्हापासून तिनं पाण्याखेरीज तोंडात काही घातलं नव्हतं. जो अग्नी देणार तो रडून येईपर्यंत अन्न घ्यायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं. ती किती भ्यायली होती ते हनुवटीवरच्या तिच्या पकडीवरून कळत होतं. इंद्रभान म्हणू शकला असता, धूळ गेली गं माय डोळ्यांत. पण त्यानं नुसते रुमालानं डोळे पुसले, आणि त्या पुसण्याचाही तिनं तोच अर्थ केला.

गल्लीतल्या बाया जमल्या. शेजारची जनकाबाई तर कमरेवर हात ठेवून समोरच उभी राहिली. "काय गा इंद्रभान, फशिवलं का नाई मायनं? सांग तं खरं, कसा रडला?"

"हाव, सांग ना बापू," माय म्हणाली. तिला ते ऐकायचं होतं. नव्या लुगड्याची घडी मोडताना बाई बसते तशी ती सावरून बसली.

आणि इंद्रभाननं सांगितलं. आधी चाचरत, मग सरसर. तार हातातून कशी गळून पडली, शिपायानं कसं धरलं, वासंतीच्या मांडीवर डोकं ठेवून कसा रडला, पाणी ओठावर आलं ते कसं खारट लागलं. एस्टीत शेजारचे लोक पाणी देत होते आणि त्याला घोट उतरत नव्हता. भोकरदनला एक बाई मिरच्यांची पाटी घेऊन दिसली आणि त्याला ती मायच वाटली. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं. जीभ कधी 'मले' वर आली ते त्यालाही समजलं नाही. अन्नपूर्णा डोळ्यांना पदर लावून बसली, जनकाबाईनं नाक ओढलं, आणि माय, जिच्यासाठी हे रडणं होतं ती, आपल्या लेकाच्या दुःखानं हुंदके देऊ लागली. मिरच्यांची पाटी छान जमली, असं इंद्रभानच्या मनात येऊन गेलं. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण गोष्ट अर्धी सोडता येत नव्हती, ती त्यानं पुरी केली.

"नको रडू आता. मी हाय ना," मायनं डोळे पुसले. तिच्या अंगात एकदम हुशारी आली. "वाढ वं अन्नपूर्णा. मले बी वाढ. भूक लागली आता."

ओट्यावरच ताट आलं. भाकर, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. मायनं घास मोडला आणि तेवढ्यात भगवंतराव गल्लीत शिरले. मागं चार माणसं, खांद्यावर पंचे. मंजुळाबाईंना घास घेऊन बसलेल्या पाहून ते जागच्या जागी थबकले, मग काय झालं ते कळल्यावर पोट धरून हसले, हसता हसता पुन्हा डोळ्यांत पाणी आणलं.

"वा वैनी! मी एस्टीत बोंबलून राह्यलो तुमच्या नावानं, सारी गाडी पाह्ये! अन् हा तुमचा लेक, काय कायीज देलं देवानं याले! डोयात टिपूस नाई. मलेच पानी पाजते, मलेच समजावते. काका, मानसाच्या हातात काय असते, म्हने. मर्द हाय!"

त्यांनी कौतुकानंच म्हटलं होतं. जनकाबाईनं इंद्रभानकडं पाहिलं, मग नजर दुसरीकडं वळवली. मायच्या हातातला घास तसाच होता. ती एकटीच हसली. "तुमच्यापुढं कसा रडंन, भगवंतभाऊ? तुमी उतरल्यावर रडला. गल्लीत आला तवा हंबरत आला ना. मी आयकलं." एवढं बोलून तिनं घास ताटात ठेवला. "चहा घ्या सगळे. मी मंग खातो."

माणसं गेली. अन्नपूर्णा चुलीपाशी लागली. माय तेच ताट घेऊन त्याच्यासमोर बसली आणि ते त्याच्याकडं सरकवलं.

"जेव."

"अन् तू?"

"मले भूक नाई."

"माय, हे खोटं असते गं सगळं. कावळ्यानं काय होते? पाखरू ते. पाटीत काही दिसलं असंन त्याले, बसलं." तो खूप बोलला. शिकलेल्या माणसानं बोलावं ते सगळं बोलला. तिनं ऐकून घेतलं.

"असंन बापू. तू शिकलेला हायस." मग ती आवाज उतरवून, आत भावजयीला ऐकू जाऊ नये इतकं हळू म्हणाली, "नाई आलं रडू तं नाई आलं. कोनाकोनाले नाई येत. त्याचा राग नाई मले. पन लोकायले सांगू नको. मी गेल्यावर तुले नावं ठेवतीन, मायसाठी डोये ओले नाई केले म्हनतीन. मी सांगितलं हाय ना सगळ्याइले? तेच तू बी सांग."

ती भ्यायली होती. मरणार असं तिला आता पक्कं वाटत होतं, आणि त्यातही ती त्याची अब्रू झाकत बसली होती. इंद्रभाननं ताटाकडं पाहिलं, तिनं मोडून ठेवलेला घास पाहिला. तो रडला. आवाज आवरता आला नाही, नाक आवरता आलं नाही, तोंड वेडंवाकडं झालं, आणि या खेपेला आत बसून बघणारं कुणी नव्हतं. "माय, माय," एवढंच तो म्हणत राहिला. आतून अन्नपूर्णा धावत आली आणि दारातच थांबली. मायनं त्याचं डोकं ओढून मांडीवर घेतलं, लहानपणी घ्यायची तसं, आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आता काय उपेग, बापू?" ती म्हणाली. "आता तं तुले मालूम हाय, मी जित्ती हाय."